रिपोर्टात विष नाही, मग गाय मेली कशानं?

मेहकर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. जुलैच्या सुरुवातीला त्यांची दुभती गाय आणि दोन वर्षांची कालवड एकाच संध्याकाळी दगावली. त्या दिवशी दुपारी ढोरं सुटून शेजाऱ्याच्या वावरात गेली होती. उन्हाळी ज्वारी निघालेली, आणि पहिल्या पावसानं धसकटांना हिरवेगार फुटवे आलेले. परत आणली तेव्हा गाय धापा टाकत होती, तोंडाला फेस होता, पाय लटपटत होते. अर्ध्या-पाऊण तासात संपली, कालवड तिच्यामागोमाग गेली. बैलजोडी गोठ्यात बांधलेली होती, ती वाचली. डॉक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी आले. पोलिसांत अर्ज दिलेला असल्यानं पंचनामा झाला, शवविच्छेदन झालं, पोटातला चारा आणि काळजाचा (यकृताचा) तुकडा बाटल्यांत घालून तपासणीला गेला. रिपोर्ट यायला दिवाळी उजाडली. त्यात लिहिलंय, ‘कीटकनाशक विष आढळून आले नाही.’

ताई पुढे लिहितात, “दिराचं एकच म्हननं हाय, धुऱ्याच्या भांडनापायी शेजाऱ्यानंच इख घातलं, अन् पैसे देऊन रिपोर्ट फिरवला. मले काही समजत नाही. गोठ्यात आता एक गाय हाय, तिचं दूध नातू पिते. ढेपीच्या पोत्याले बुरशी लागल्यावानी दिसते. तेच इख तर नसन? अन् शेजाऱ्यावर केस करावी का?”

ताई, ऐन धारेची गाय आणि घरची कालवड एका संध्याकाळी जाणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरी दावण आहे त्याला सांगावं लागत नाही. पैशाचं नुकसान मोजता येतं, बाकीचं येत नाही. तुमच्या पत्रात प्रश्न बरेच आहेत आणि ते एकमेकांत गुंतलेत. आधी रिपोर्टाचं बोलतो, कारण सगळा गैरसमज तिथूनच सुरू झालाय.

तो रिपोर्ट खोटा आहे असं मला वाटत नाही. तो अर्धा आहे. ‘आढळून आले नाही’ याचा अर्थ ‘विष नव्हतं’ असा तुम्ही घेतला, आणि दिरांनी ‘लपवलं’ असा घेतला. दोन्ही अर्थ त्या कागदात नाहीत. सगळी विषं एकदम दाखवील असं यंत्र कुठल्याच प्रयोगशाळेत नाही. रक्त देताना फक्त साखर तपासायला सांगितली तर त्या कागदावर थायरॉइड कळत नाही, तसंच हे आहे. प्रत्येक विषाची रीत निराळी. कीटकनाशकं शोधायला गॅस क्रोमॅटोग्राफी किंवा लिक्विड क्रोमॅटोग्राफी लावतात, शिसं आणि आर्सेनिकसारख्या धातूंना वेगळं यंत्र लागतं, बुरशीच्या विषाला एलायझा किंवा एचपीएलसी, युरियाला आणि नायट्रेटला आणखी वेगळं. तुमच्या रिपोर्टाची जी नक्कल तुम्ही पाठवली, तिच्यात चार गटांची नावं आहेत: ऑर्गॅनोफॉस्फरस, ऑर्गॅनोक्लोरीन, कार्बामेट, पायरेथ्रॉइड. चारही फवारणीच्या औषधांचे गट. म्हणजे प्रयोगशाळेला प्रश्न विचारला गेला तो फवारणीच्या औषधांचा, आणि तिनं उत्तर दिलं तेवढ्याचंच.

प्रश्न चुकला की किती वर्षं वाया जातात याचं आपल्याच आकाशातलं उदाहरण आहे. पूर्वी गावाबाहेर ढोर टाकलं की घटकाभरात गिधाडं उतरायची. 1990 नंतर ती झपाट्यानं मरू लागली. पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं तर भारतात हजारात एखादं उरलं. मेलेल्या गिधाडांत साथीचा रोग शोधला, कीटकनाशकं शोधली, जड धातू शोधले. हाती काही लागेना. मग पाकिस्तानात काम करणाऱ्या संशोधकांनी प्रश्न बदलला: गिधाडं जी मेलेली ढोरं खातात, त्या ढोरांना मरण्यापूर्वी कोणती औषधं टोचतात? मूत्रपिंड निकामी होऊन मेलेल्या 25 गिधाडांच्या मूत्रपिंडांत डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध पाहिलं, 25 च्या 25 मध्ये निघालं. दुसऱ्या कारणांनी मेलेली 13 तपासली, एकातही नाही. हे 2004 साली प्रसिद्ध झालं आणि 2006 मध्ये आपल्याकडे जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. प्रश्न सापडेपर्यंत बहुतेक गिधाडं गेली होती. गडचिरोलीत त्यांच्यासाठी खास खाद्याच्या जागा राखाव्या लागल्या, त्या त्यामुळंच.

आता तुमच्या गायीकडे येतो. पत्रावरून निदान करणं बरोबर नाही, आणि मी ते छातीठोकपणे करत नाही. पण तुम्ही जे लिहिलंय ते वाचून गावातला कोणीही जाणता माणूस एकच शब्द उच्चारेल: किराळ, म्हणजे कोवळ्या ज्वारीची विषबाधा. उन्हाळ्यात ताण बसलेली ज्वारी, काढणीनंतर धसकटाला फुटलेले कोवळे पोंगे, पहिल्या पावसानंतरची ती लुसलुशीत हिरवळ, उपाशी ढोर, आणि तासाभरात मरण. सगळं जुळतंय. शवविच्छेदनाच्या कागदावर डॉक्टरांनी ‘रक्त लालभडक, पोट हिरव्या चाऱ्यानं भरलेलं’ असं लिहिलंय, तेही जुळतंय.

कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचं द्रव्य असतं. ढोरानं चावलं, पोटात गेलं, की त्यापासून हायड्रोजन सायनाइड सुटतो. गाय-म्हशीच्या पोटातले जिवाणू हे काम फार वेगानं करतात, म्हणून रवंथ करणाऱ्या जनावराला धोका जास्त. सायनाइडनं शरीरातल्या पेशींना प्राणवायू वापरता येत नाही. तो रक्तातच राहतो, म्हणून रक्त लालभडक दिसतं आणि जनावर भरल्या हवेत गुदमरतं. गायीच्या वजनाच्या दर किलोमागं सुमारे 2 मिलिग्रॅम एवढा सायनाइड जिवाला पुरतो. 300 किलोची गाय धरा, 600 मिलिग्रॅम झाला. हिरव्या चाऱ्यात किलोमागं 200 मिलिग्रॅम असेल तर तो धोकादायक मानतात. म्हणजे तसल्या चाऱ्याचे 3 किलो झाले की संपलं. भुकेल्या गायीला 3 किलो पोंगे खायला कितीसा वेळ लागतो?

आणि हेच विष प्रयोगशाळेत सापडणं सगळ्यात अवघड. सायनाइड वायू आहे, उडून जातो. मेल्यानंतर शक्यतो 4 तासांच्या आत नमुना घ्यायला हवा, काठोकाठ भरलेल्या घट्ट झाकणाच्या बाटलीत, आणि लगेच बर्फात. तुमच्याकडे डॉक्टर सकाळी आले, म्हणजे मधे रात्र गेली. मग बाटल्या ठाण्यात राहिल्या, पुढे पाठवणीत दिवस गेले. इतक्या काळानं कोणी सायनाइड शोधला असता तरी तो सापडण्याची आशा थोडीच होती. यात डॉक्टरांना बोल लावू नका. एकेका दवाखान्याकडे किती गावं असतात ते तुम्हीही जाणता.

दुसऱ्या शक्यता मी का मागं ठेवतोय तेही सांगतो, कारण दिरांना समजवायला हेच उपयोगी पडेल. थिमेट किंवा मोनोक्रोटोफॉससारखं कीटकनाशक पोटात गेलं तर लाळ नुसती फेसासारखी न राहता धारेनं गळते, पातळ हगवण लागते, डोळ्याची बाहुली टाचणीएवढी होते, अंगाचे स्नायू थरथर उडतात. हे तुम्ही लिहिलेलं नाही. (2017 मध्ये यवतमाळकडे फवारताना माणसं दगावली, त्यातली बरीच औषधं याच जातीची, घरी थिमेटचा, म्हणजे फोरेटचा, जुना डबा पडला असेल तर लक्षात ठेवा, फोरेटचा वापर 2020 च्या अखेरीपासून बंद आहे.) युरिया खाल्ला, खताचं पोतं चाटलं किंवा पोतं धुतलेलं पाणी प्यालं, तर पोट फुगतं, ढोर कण्हतं आणि पोट उघडल्यावर अमोनियाचा भपकारा येतो. नायट्रेटची बाधा लक्षणांनी किराळीसारखीच दिसते, तीही ताण बसलेल्या, युरिया खूप दिलेल्या ज्वारीतूनच होते. पण तिच्यात रक्त चॉकलेटसारखं तपकिरी होतं. तुमच्या कागदावर लाल लिहिलंय.

म्हणून शेजाऱ्याबद्दल माझं म्हणणं स्पष्ट आहे. आज तुमच्या हातात जे आहे त्यावर त्यांचं नाव घेऊन तक्रार करू नका. जनावर मुद्दाम विष घालून मारणं हा गंभीर गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली त्याला 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एवढा आरोप करायला ‘धुऱ्याचं भांडण आहे’ हे कारण पुरत नाही. ढोरं तुमची सुटून त्यांच्या वावरात गेली होती, हेही विसरू नका. कोर्टात पहिला प्रश्न तोच येईल. दीर रागावलेत ते मला कळतं. घरातली दोन जनावरं जातात तेव्हा कोणीतरी दोषी असावं असं मनाला वाटतं, आणि भांडणातला माणूस नेमका समोर असतो. त्यांना तुम्ही एकट्यानं समजवू नका. तो रिपोर्ट आणि शवविच्छेदनाचा कागद घेऊन दोघं मिळून तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे जा आणि तीन गोष्टी विचारा. नमुन्यासोबत जे पत्र गेलं त्यात कोणत्या विषाचा संशय लिहिला होता? नमुने कशात ठेवले होते? सायनाइड आणि नायट्रेट तपासलं होतं का? दिरांनी हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं तर ‘पैसे देऊन फिरवला’ हा संशय तिथंच सैल होईल. तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकारात त्या पत्राची नक्कल मागता येते.

आणि ताई, शेजाऱ्याशी बोलाच. आरोप म्हणून नको, चौकशी म्हणून. त्या वावरात ज्वारीला युरिया किती दिला, काढणीनंतर काही फवारलं का, त्यांची स्वतःची ढोरं तिथं चरली का. या तिन्ही गोष्टी त्यांच्याइतक्या कोणालाच ठाऊक नाहीत. युरिया भरपूर दिलेल्या ज्वारीत सायनाइड आणि नायट्रेट दोन्ही वाढतात, म्हणून उत्तर कामाचं आहे. शिवाय पुढच्या उन्हाळ्यात त्याच वावरात पुन्हा पोंगे फुटतील आणि त्यांचीही ढोरं त्याच गावात आहेत.

आता ढेप. तुमच्या गायीला अर्ध्या तासात पाडणारं विष ढेपेतलं नव्हतं, एवढं मी खात्रीनं सांगू शकतो. बुरशीचं विष असं काम करत नाही. पण तुमचा संशय सोडून देण्यासारखा मुळीच नाही, उलट नातवाच्या दृष्टीनं मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो.

सरकी ढेप, शेंगदाण्याची ढेप, मका, यांना ओल लागली की त्यांच्यावर अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन तयार करते. ते यकृत खराब करतं. जनावर लगेच पडत नाही. खाणं कमी करतं, दूध उतरतं, केस राठ होतात, गाभण राहायला त्रास होतो, आणि माणूस म्हणतो, हवामानानं झालं असेल. माणसांनाही ते सोडत नाही. 1974 मध्ये राजस्थान-गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात बुरशी लागलेला मका खाऊन कावीळ पसरली आणि शंभरावर माणसं मेली. त्या घरांतली कुत्रीही मेली. गायीच्या पोटात गेलेल्या अफ्लाटॉक्सिनचा काही अंश रूप बदलून दुधात उतरतो, त्याला अफ्लाटॉक्सिन एम-1 म्हणतात. दूध कितीही उकळा, तो जात नाही. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं दुधात त्याची मर्यादा किलोमागं 0.5 मायक्रोग्रॅम ठरवली आहे. त्याच प्राधिकरणाच्या 2018 च्या देशव्यापी पाहणीत दुधाच्या 6,432 नमुन्यांपैकी 368 नमुने या मर्यादेच्या वर निघाले. तेव्हा हे फक्त तुमच्या गोठ्याचं दुखणं नाही.

बुरशीची ढेप आजपासून बंद करा. वरचा थर काढून खालची घालायची, उन्हात वाळवून घालायची, हे करू नका. वाळवल्यानं बुरशी मरेल, तिनं आधीच तयार केलेलं विष तसंच राहील. ढेप बंद केली की तीन-चार दिवसांत दुधातला अंश जवळजवळ निघून जातो, म्हणून नातवाला आठवडाभर दुसरीकडचं दूध द्या आणि मग घरचं सुरू करा. घाबरून जाऊ नका, थोडे दिवस प्यायल्यानं लगेच काही होत नाही; रोजचं, वर्षानुवर्षांचं पिणं वाईट.

पोतं तपासायचं असेल तर नमुना घेण्यातच सगळं आहे. बुरशी सगळ्या पोत्यात सारखी नसते, एका ढेकळात भरपूर आणि शेजारच्या मुठीत काहीच नाही असं होतं. एकाच ठिकाणची मूठ भरून पाठवली तर रिपोर्ट एक तर उगाच घाबरवील किंवा उगाच धीर देईल. मार्केट यार्डात पोत्यात खुपसून दाणा काढतात तसली नळी मिळाली तर उत्तम. नाही तर पोतं ताडपत्रीवर रिकामं करा, ढेकळं फोडा, नीट कालवा, ढीग पसरून चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, बाकी बाजूला सारा, पुन्हा कालवा, पुन्हा चार भाग. असं करत शेवटी किलोभर उरेल तो नमुना. तो कोरडा असेल तर कागदी किंवा कापडी पिशवीत भरा. प्लॅस्टिकमध्ये घाम सुटतो आणि वाटेतच बुरशी वाढते. पोत्याची चिठ्ठी, कंपनी, बॅच, घेतल्याची तारीख, पावती, सगळं जपून ठेवा. तयार पशुखाद्यासाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस 2052 हे मानक आहे, त्यात अफ्लाटॉक्सिन बी-1 ची मर्यादा किलोमागं 20 मायक्रोग्रॅम आहे. तुमचं पोतं तयार पशुखाद्याचं असेल तर रिपोर्ट आल्यावर हा आकडा समोर ठेवून दुकानदाराशी बोलता येईल.

पाठवायचं कुठं? तुम्हाला अकोला जवळ पडेल. तिथं पशुवैद्यकाची स्नातकोत्तर संस्था आहे, आणि नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालय. दोन्ही महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या. पशुपोषण विभाग आणि औषधशास्त्र व विषशास्त्र विभाग, या दोन नावांनी विचारा. जाण्याआधी फोन करून ही तपासणी सध्या होते का, फी किती, नमुना किती हवा, हे विचारून घ्या. एसटीचं भाडं आणि दिवस वाया जाऊ देऊ नका. आणंदला राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाची खाद्य आणि दूध तपासणारी मोठी प्रयोगशाळाही आहे. दुधाचं संकलन केंद्र जवळ असेल तर तिथंही विचारा, मोठ्या डेअऱ्या एम-1 ची पट्टी-चाचणी करतात.

असला प्रसंग पुन्हा कोणावर येऊ नये, पण आलाच तर काय करायचं तेही लिहितो. हे वाचून गावात चार जणांना सांगा.

जनावर धापा टाकत असतानाच 1962 ला फोन करा, ते फिरत्या पशुवैद्यकीय पथकाकडे जोडतात. फोनवर पहिलंच वाक्य ‘ज्वारीचे पोंगे खाल्लेत’ असं बोला. किराळीला सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेटची इंजेक्शनं शिरेतून देतात, वेळेत मिळाली तर ढोर उठून उभं राहतं. नायट्रेटच्या बाधेला औषध वेगळं, मेथिलीन ब्लू, कीटकनाशकाला अ‍ॅट्रोपिन. म्हणून काय खाल्लं हे आधी कळणं डॉक्टरांना फार लागतं. कळपातली बाकीची ढोरं लगेच त्या वावरातून बाहेर काढा.

जनावर गेलंच, तर डॉक्टर यायच्या आधीही तुम्ही एक काम करू शकता. जिथं ते चरलं तिथले पोंगे उपटा, त्यांच्या टोकांसकट घट्ट झाकणाच्या बरणीत कोंबून भरा, बर्फात किंवा फ्रीजच्या वरच्या कप्प्यात ठेवा. चारा पंचांसमोर किंवा निदान पोलीस पाटलांसमोर उपटला तर पुढे कामी येतो. तुमच्याकडे त्या दिवशी हेच घडायला हवं होतं, कारण चाऱ्यातला सायनाइड पिक्रेटच्या पिवळ्या कागदानं थोड्या वेळात कळतो, कागद विटेसारखा लाल होतो. (ही चाचणी डॉक्टरांनीच करायची, पिक्रिक आम्ल कोरडं झालं की स्फोटक असतं.) शवविच्छेदनाच्या वेळी डॉक्टरांना विनंती करा: पोटातला चारा, काळीज, मूत्रपिंड वेगवेगळ्या बाटल्यांत, एकात एक नको. विषाच्या तपासणीच्या नमुन्यात फॉर्मालिन नको, ते फक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या तुकड्यांसाठी. नायट्रेटचा संशय असेल तर मेलेल्या ढोराच्या डोळ्याच्या गोळ्याच्या आतलं पाणी सिरिंजनं काढून ठेवता येतं, त्यात नायट्रेट बराच काळ टिकतो. आणि कीटकनाशकाचा संशय असेल तर जिवंत राहिलेल्या आजारी ढोराचं रक्त काढून कोलिनएस्टरेज तपासायला सांगा, शक्यतो त्याच गोठ्यातल्या धडधाकट ढोराच्या रक्तासोबत. ही औषधं शरीरात लवकर मोडतात, त्यामुळे काळजात विष सापडेलच असं नाही. पण या एन्झाइमचं प्रमाण निम्म्याच्या खाली उतरलेलं दिसलं की बाधा कळते.

सोबतच्या पत्रात काय खाल्लं, किती वाजता लक्षणं दिसली, किती वेळात मेलं, वावरात काय टाकलं होतं, आणि ‘सायनाइड, नायट्रेट, कीटकनाशक यांसाठी तपासावे’ असं स्पष्ट लिहून घ्या. अर्धी तपासणी तिथंच होते. मेलेलं ढोर नाल्यात टाकू नका, खोल खड्ड्यात चुना घालून पुरा. विषानं मेलेल्याचं मांस कुत्र्यांच्या आणि पाखरांच्या पोटात जातं, आणि तुमच्याकडे ज्ञानगंगा अभयारण्याचं जंगल काही फार दूर नाही.

शेवटी तुमच्या चिठ्ठीच्या कोपऱ्यात लिहिलेला प्रश्न: ‘कडबा टाकू का नको?’ पक्व ज्वारीचा, पुरता वाळलेला कडबा खुशाल घाला. वाळताना सायनाइड उडून जातो. नायट्रेट मात्र वाळल्यानं जात नाही. कडबा त्याच शेजाऱ्याकडून घेतला असेल आणि युरिया भरमसाट दिला होता असं ते बोलले, तर आधी थोडा तपासून घ्या किंवा सोयाबीन-तुरीच्या कुटारात मिसळून थोडा थोडा घाला. हिरवी ज्वारी फुलोऱ्यात येईपर्यंत आणि काढणीनंतरचे पोंगे, हे दोन्ही ढोरांना वर्ज्य. जूनमध्ये ढोरं सोडण्याआधी कोणाकोणाच्या वावरात उन्हाळी ज्वारीची धसकटं उभी आहेत ते गायक्याला आधीच दाखवून ठेवा.